भिंत अकराव्या राउंडला कशी पडली

प्रत्यक्षात झालेली लढत एकदाच संपते. कोणीतरी जिंकतं, कोणीतरी हरतं, प्रेक्षक छत्र्या-चपला शोधतात आणि घरी जातात. न झालेली लढत मात्र कधीच संपत नाही. आणि जी गोष्ट कधीच संपत नाही तिच्यासाठी एक फाइल, एक टेबल आणि एक जबाबदार माणूस लागतो, हे कोणत्याही सुधारलेल्या नगरपालिकेला आज ना उद्या पटतंच. या नगरपालिकेला ते एका गुरुवारी दुपारी पावणेचारला पटलं.

निमित्त झालं नव्या क्रीडागृहाचं. इमारत बांधून दीड वर्ष उलटलं होतं. खुर्च्या बसल्या होत्या, मधोमध बॉक्सिंगची रिंग उभी होती, स्वच्छतागृहात आरसे लागले होते (दोन चोरीला जाऊन पुन्हा लागले होते). सगळं घोडं अडलं होतं नावावर. किल्ल्यांच्या नोंदवहीत 'इमारतीचे नाव' असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय किल्ली कोणालाच देता येत नाही. त्यामुळे क्रीडागृहाला ज्याने कुलूप लावलं त्यालाही ते आता उघडता येत नव्हतं.

नाव द्यावं अशी माणसं गावात दोनच. पहिले 'भिंत'. एक्कावन्न वर्षांपूर्वीचे विजेते. एकसष्ट लढती खेळले. त्यातल्या किती जिंकल्या यावर वाद आहे, पण एकाही लढतीत ते खाली पडले नाहीत यावर त्यांच्या वैऱ्यांचंही एकमत आहे. पाठ सोडा, कधी गुडघा टेकला नाही. दुसरा 'वावटळ'. एकवीस वर्षांपूर्वीचा विजेता. हा इतका चपळ की त्याचा एकही नीट फोटो उपलब्ध नाही. जे आहेत त्यांत प्रतिस्पर्धी स्पष्ट दिसतो, आडवा पडलेला.

आता या दोघांत श्रेष्ठ कोण? नगरपालिकेने शास्त्रशुद्ध पाहणी केली. चारशे बारा नागरिकांना विचारलं. दोनशे सहा म्हणाले भिंत, दोनशे सहा म्हणाले वावटळ. 'आपण यांपैकी कोणाचीही लढत प्रत्यक्ष पाहिली आहे काय?' या पुरवणी प्रश्नाला तिघांनी 'होय' असं उत्तर दिलं (त्यातल्या दोघांनी नंतर लेखी कळवलं की त्यांना जे आठवतंय ती बहुधा सर्कस असावी). मतं मात्र सगळ्यांची ठाम होती. दोन सख्ख्या भावांनी या विषयावरून घरात मधोमध पडदी घातली होती.

"मग लढू द्या की दोघांना," मोठे साहेब म्हणाले.

"साहेब, एकजण अठ्ठ्याहत्तरचे आहेत," हेडक्लार्क अदबीने म्हणाले.

"आत्ता नाही हो. तेव्हा."

"तेव्हा दुसऱ्याचा जन्म झाला नव्हता, साहेब."

"या अडचणी मला तोंडी सांगू नका. फाइलवर मांडा."

आणि फाइल उघडली गेली. प्रभारी म्हणून नेमणूक झाली अर्थातच हेडक्लार्कांची. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही कागद हरवला नव्हता आणि बॉक्सिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. निःपक्षपातीपणाला याहून मोठा पुरावा कोणता? एक बारीकशी अडचण होती. भिंत हे त्यांचे सासरे होते. सासूबाई गेल्यापासून त्यांच्याच घरी, पुढच्या खोलीत राहत होते. पण हेडक्लार्कांनी ती अडचण लपवली नाही. हितसंबंध जाहीर करणारा अर्ज त्यांनी स्वतःकडे केला, स्वतःच पोच दिली आणि सात दिवस विचार करून स्वतःची हरकत फेटाळून लावली.

या सासऱ्यांचा दिनक्रम इथे सांगायला हवा. म्हातारा पहाटे साडेपाचला कॅन्व्हासचे बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून समोरच्या गल्लीतल्या जुन्या क्लबात जायचा. रिंगच्या लाल कोपऱ्यात उभा राहायचा आणि नऊ वाजेपर्यंत पोरापोरींना एकच गोष्ट शिकवायचा: उभं कसं राहायचं. पन्नास वर्षांत एक खाडा नाही. नऊला घरी यायचा, चहा घ्यायचा, आणि उरलेला दिवस उद्याचे साडेपाच वाजण्याची वाट पाहायचा. दुसरं काही त्याला नको होतं. क्रीडागृहाला कोणाचं नाव लागतंय याच्याशीही त्याला फारसं देणंघेणं नव्हतं.

"अहो, बाबांना मात्र या भानगडीत ओढू नका," बायकोने बजावलं. "बाजारात तुरी आणि तुमच्यात हाणामारी."

"त्यांना कोण ओढतंय? त्यांचा यात काडीचा संबंध नाही," हेडक्लार्क म्हणाले, आणि देवाशपथ, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

समिती स्थापन झाली. भिंतीच्या बाजूने केशकर्तनालयाचे मालक, कारण जुन्या काळाविषयीची सर्वाधिक माहिती त्यांच्या खुर्चीत बसून सांगितली जाते. वावटळीच्या बाजूने औषधांचे दुकानदार, कारण ते तरुण होते (एकोणसाठ). आणि पंच म्हणून हेडक्लार्क. पंचाला नियम माहीत असावे लागतात आणि बॉक्सिंगच्या नियमांची पुस्तिका बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच टाइप केली होती.

पहिला प्रश्न आला तारखेचा. लढत कधी झाली असं धरायचं? दोघांनाही समान न्याय मिळावा म्हणून दोघांच्या विजेतेपदांचा बरोबर मध्य काढण्यात आला. तो छत्तीस वर्षांपूर्वीचा निघाला. त्या दिवशी भिंतीचं वय बेचाळीस होतं आणि वावटळीचं अकरा. वजन अनुक्रमे एक्क्याऐंशी किलो आणि तेहतीस किलो. केशकर्तनालयाच्या मालकांनी ही तारीख एकदम रास्त असल्याचं सांगितलं. औषधांच्या दुकानदारांनी मुलाच्या शाळेची वेळ आड येते अशी तांत्रिक हरकत घेतली, ती मान्य झाली, आणि लढत 'तारखेविना' घेण्याचं ठरलं.

मग काळाकाळातल्या फरकाचं समायोजन सुरू झालं. भिंतीच्या काळी दूध निर्भेळ होतं, म्हणून त्यांना सहा गुण जास्त मिळावेत, असं एका बाजूचं म्हणणं. वावटळीच्या काळी जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या, सबब त्यालाही सहा, असं दुसरीचं. भिंत सरावाला नऊ मैल चालत जायचे. यावर वावटळीच्या बाजूने असा खुलासा आला की क्लब घरासमोर असताना नऊ मैल चालत जाणारा माणूस रस्ता चुकत असला पाहिजे. चर्चेला चौदा बैठका लागल्या. शेवटी दोघांना प्रत्येकी एकोणतीस गुण वाढवून देण्यात आले आणि लगेच ते दोघांच्याही खात्यातून वजा करण्यात आले.

प्रत्यक्ष लढत दर मंगळवारी, तीन ते चार, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत व्हायची. एका बैठकीला एक राउंड. पद्धत अगदी सोपी. सदस्याने आपल्या बॉक्सरचा ठोसा चिठ्ठीवर लिहून द्यायचा. समोरच्याने तो कसा चुकवला हे उलट टपाली, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूने, त्याच बैठकीत लिहून द्यायचं. पंचांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचून नोंद करायची. पहिल्या राउंडला वावटळीने बत्तीस ठोसे मारले, भिंतीने ते सगळे खाल्ले आणि हलली नाही. चौथ्या राउंडला भिंतीचा एक उजवा ठोसा असा बसला की औषधांच्या दुकानदारांना पाणी द्यावं लागलं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, पण त्यांची इतकी व्यवस्थित नोंद कोणी ठेवली नसेल. बाहेर गर्दी जमायला लागली. दार बंद असल्यामुळे कोणाला काही दिसत नसे, पण आतून टाचणीचा डबा पडल्याचा आवाज आला तरी अर्धी गल्ली ओरडायची.

अकराव्या मंगळवारी घात झाला. केशकर्तनालयाच्या मालकांकडे एक गिऱ्हाईक ऐन तीनला आलं. अर्धी दाढी झालेला माणूस सोडून कसं जाणार? ते म्हणाले, एखादा राउंड भिंत अशीच काढेल. इकडे औषधांच्या दुकानदारांनी तीन वाजून पाच मिनिटांनी चिठ्ठी सरकवली: 'डावा हूक, जबड्यावर.' उत्तराची चिठ्ठी आली नाही. हेडक्लार्कांनी घड्याळाकडे पाहिलं. नियमाप्रमाणे दहा सेकंद मोजायचे असतात. कार्यालयीन कामकाजाचा वेग लक्षात घेऊन त्यांनी दहा मिनिटं मोजली. मग आणखी दहा. मनात चलबिचल झाली, नाही असं नाही. समोर नाही म्हटलं तरी सासरा उभा होता. पण कागद म्हणजे कागद. चार वाजता त्यांनी लिहिलं: 'बचावाची चिठ्ठी अप्राप्त. सबब उजवा हात खाली होता असे गृहीत धरण्यात येत आहे. भिंत खाली पडले. अंक मोजले. उठले नाहीत.'

गावात फटाके वाजले, दोन दुकानांच्या काचा फुटल्या, आणि पडदीच्या एका बाजूचा भाऊ दुसऱ्या बाजूच्या भावाला उद्देशून पडदीला खेटून ढोल वाजवत बसला. निकालाच्या प्रती नियमाप्रमाणे चौघांना रवाना झाल्या: मोठे साहेब, दोन्ही बॉक्सर आणि क्लब.

क्लबाचा रखवालदार वाचणारा माणूस होता. त्याने निकाल वाचला, मग दारामागे खिळ्याला टांगलेली नियमांची पुस्तिका काढून नियम चौदा वाचला. 'जो बॉक्सर खाली पडून अंक मोजेपर्यंत उठला नसेल, त्याने डोक्याच्या सुरक्षेसाठी नव्वद दिवस कोणत्याही रिंगमध्ये अथवा रिंग असलेल्या वास्तूत पाऊल ठेवू नये.' उत्तम नियम आहे. कितीतरी डोकी त्याने वाचवली आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला रखवालदाराने म्हाताऱ्याला दारात अडवलं आणि हात जोडले.

"उस्ताद, माफ करा. तुम्ही पडलात."

म्हातारा उलट पावली घरी आला. पाच चाळीसला. बायकोने हेडक्लार्कांना गदागदा हलवून उठवलं. "बाबा परत आलेत. बघा काय करून ठेवलंत ते!" बाहेरच्या खोलीत म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता, बूट न काढता. समोर निकालाची प्रत.

"जावईबापू, बसा. मला एक सांगा. मी पडलो कसा?"

"मामा, अहो ते कागदावरचं आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मनाला नाही लावत. विचारतोय. डावा हूक?"

"हो."

"जबड्यावर?"

"हो."

"म्हणजे माझा उजवा हात खाली होता?"

हेडक्लार्कांनी निकालाची प्रत पालथी घातली. खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"माझा उजवा हात कधी खाली नसतो हो," म्हातारा हळूच म्हणाला. "लग्नाच्या फोटोतसुद्धा वर आहे, बघा हवं तर." मग बराच वेळ तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला, काही चोरी-बिरी केली की काय या हाताने, अशा नजरेने.

"बाबा, तुम्ही जा आत! कोण अडवतंय बघू," मुलगी कडाडली. "हे लिहितील आणि तुम्ही ऐकणार?"

"पंचाचा निर्णय आहे, बाई. एकसष्ट लढतींत एकदाही पंचाशी वाद घातला नाही. आता घरातला पंच म्हणून घालू?"

असा हा माणूस. दुसऱ्या कोणी चार शिव्या हासडल्या असत्या तर हेडक्लार्कांना बरं वाटलं असतं. म्हाताऱ्याचा हा समजूतदारपणा मात्र त्यांना झेपेना. बायकोने बोलणं टाकलं. ताट वाढायची, पण आपटून. भाजीत मीठ बरोबर असायचं, म्हणजे राग किती खोल गेला होता ते कळावं.

म्हाताऱ्याने साडेपाचला उठणं सोडलं नाही. तो क्लबाच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहू लागला. खिडकी उंच, म्हणून खाली दोन विटा. गजांना धरून आत ओरडायचा, "ए लाल चड्डी! हात वर! वर हात!" आवाज आतपर्यंत जात नसे. तिसऱ्या दिवशी तो ओरडायचा थांबला, नुसता बघत राहिला. हेडक्लार्क ऑफिसला जाताना मुद्दाम त्या गल्लीने गेले.

"मामा, चला घरी. नव्वद दिवस काय, बघता बघता जातील."

"नव्वद दिवसांचं नाही हो," म्हातारा विटांवरून न उतरता म्हणाला. "जातील. पण नंतर आत जाऊन या पोरांना सांगू काय? उभं राहा म्हणून? मी?"

हेडक्लार्कांना भर रस्त्यात रडू आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, एखादा कागद हरवला असता तर किती बरं झालं असतं.

त्यांनी खटपट केली. मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, निकाल फिरवायचा तर फेरलढत घ्या. फेरलढत घ्यायची तर दोन्ही बॉक्सर तंदुरुस्त हवेत, आणि एकाला तर नव्वद दिवस बंदी. साहेबांनी हे स्वतःच बोलून दाखवलं आणि स्वतःच्याच तर्काने खूश होऊन चहा मागवला. शेवटी हेडक्लार्क नाइलाजाने वावटळीकडे गेले.

वावटळ सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता आणि धुण्याची मशीन दुरुस्त करत होता. संध्याकाळी तोही क्लबात शिकवायचा. त्याला बॉक्सिंग शिकवलं होतं भिंतीनेच, त्याच लाल कोपऱ्यात. हेडक्लार्कांना पाहून त्याने पान्हा खाली ठेवला.

"या पंचसाहेब. लोक हार घेऊन येतायत हो माझ्याकडे. उस्तादांना पाडलंस म्हणून पाठ थोपटतायत. मला तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीत तुम्ही."

"कागदावर झालं ते," हेडक्लार्क म्हणाले. हे वाक्य आता त्यांना स्वतःलाच कडू लागायला लागलं होतं.

"आणि त्यांचा उजवा हात खाली? कोणी बघितला? सात वर्षं त्या हाताखालून शिरायला बघत होतो मी. सात वर्षं! नाक बसलंय माझं त्यापायी, हे बघा." मग तो विचार करून म्हणाला, "मी कबूल करतो ना काहीतरी. घंटा वाजल्यावर मारला म्हणून लिहून देतो. मग तर झालं?"

हेडक्लार्कांना त्याच्या गळ्याला मिठीच मारावीशी वाटली. नियम पंधरा: बॉक्सरने स्वतः कबूल केलेला नियमभंग पंचाने स्वीकारलाच पाहिजे. वावटळीने तिथेच, मशीनच्या झाकणावर कागद ठेवून, सही केली. 'अकराव्या राउंडमधील डावा हूक मी घंटा झाल्यानंतर मारला. याबद्दल मला खेद आहे.' हेडक्लार्क धावत ऑफिसला आले, फाइल उघडली आणि नियमाप्रमाणे पुढची नोंद करायला बसले. नियमाप्रमाणे म्हटल्यावर मग पुढचंही सगळं नियमाप्रमाणेच झालं.

एक, वावटळ बाद. कबुलीजबाबासह नियमभंग करणाऱ्यास रिंग असलेल्या कोणत्याही वास्तूत एक वर्ष प्रवेश बंद. दोन, भिंतीवरची बंदी कायम. कारण ठोसा बेकायदेशीर ठरला म्हणून आपटलेलं डोकं आपटलं नाही असं होत नाही. नियम चौदा डोक्याविषयी आहे, न्यायाविषयी नाही. हे वाक्य हेडक्लार्कांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, तीनदा वाचलं, आणि त्यांना त्यात एकही चूक सापडेना. तीन, विजेता कोण? पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर व्याख्या आहे: 'लढत संपताना जो नियमानुसार रिंगमध्ये उभा असेल तो.' एक पडलेला. एक बाद. रिंगमध्ये नियमानुसार उभा असलेला माणूस एकच उरत होता, आणि त्याच्या हातात पेन होतं.

मोठ्या साहेबांनी फाइल चाळली. पानांना नंबर होते, सह्या जागच्या जागी होत्या. त्यांनी मंजुरी दिली. दहा दिवसांत क्रीडागृहावर हेडक्लार्कांच्या नावाची पाटी चढली, किल्ल्यांच्या नोंदवहीतला रकाना भरला आणि कुलूप उघडलं. गावाने निकाल आनंदाने स्वीकारला, कारण समोरच्या बाजूचा माणूस जिंकला नव्हता. पडदीवाल्या भावांनी पडदी पाडली. केशकर्तनालयाचे मालक आता खुर्चीतल्या गिऱ्हाइकांना सांगतात की भिंत काय किंवा वावटळ काय, ऐन उमेदीतल्या हेडक्लार्कांसमोर तीन राउंडसुद्धा टिकले नसते. औषधांच्या दुकानदारांचं म्हणणं, चार. यावरून नुकतीच थोडी बाचाबाची झाली आहे.

उद्घाटनाला भिंत आणि वावटळ दोघेही आले, आणि रिंग असलेल्या वास्तूत प्रवेश नसल्यामुळे फाटकाबाहेर उभे राहिले. हेडक्लार्क बाहेर आले तेव्हा म्हाताऱ्याने पुढे होऊन त्यांचा उजवा हात वर धरला.

"छान खेळलात, जावईबापू."

थट्टा असती तर सोसली असती. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. पंचाने निकाल दिला म्हणजे दिला. हेडक्लार्कांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. (आणि खरं सांगायचं तर, हात वर होता तेवढा वेळ, अगदी थोडंसं, बरंही वाटलं.)

एक्क्याण्णवाव्या दिवशी पहाटे हेडक्लार्क स्वतः सासऱ्यांना घेऊन क्लबात गेले. सोबत बायकोही आली. रखवालदाराने दार सताड उघडलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा रिंगच्या पायऱ्या चढला, दोरांमधून वाकून आत गेला आणि लाल कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. सगळं पूर्वीसारखं. फक्त पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याने उभं राहताना एका हाताने दोर धरला.

"बाबा, चक्कर येतेय का?" मुलीने खालून विचारलं.

"नाही गं. एकदा पडलेला माणूस आहे. जरा सांभाळून."

बायकोने हेडक्लार्कांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. न मारलेला ठोसा परत कसा घ्यायचा, याला कोणत्याही पुस्तिकेत नियम नाही. त्यांनी सगळ्या शोधून पाहिल्या.

तुम्ही हेडक्लार्कांना हसला असाल तर हरकत नाही, त्यांना सवय झाली आहे. पण प्रक्रिया पुरी करण्यासाठी एक माहिती तुमच्याकडूनही भरून घ्यायची आहे. आज सकाळी अंघोळ करताना तुम्ही कोणाशी लढलात? जाऊबाईंशी? साहेबांशी? धाकट्या भावाशी? दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या तुम्हीच लिहिल्यात ना? समोरच्याच्या तोंडी एक मिळमिळीत वाक्य घातलंत, त्यावर असं काही सणसणीत उत्तर दिलंत की तो दुसऱ्याच मिनिटाला आडवा, आणि तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून विजेत्याच्या थाटात बाहेर आलात. मग तोच माणूस जिन्यात भेटला. हसून म्हणाला, "काय, बरं आहे ना?" आणि तुम्ही मान फिरवून निघून गेलात. तो बिचारा अजून तिथेच उभा आहे, आपलं काय चुकलं ते आठवत. काहींना तर तुम्ही असं नऊ नऊ वर्षं बाहेर उभं केलंय. त्यांना निदान निकालाची एक प्रत तरी पाठवा.